गाळाचा ढोल

"घाला हात. तुम्हाला त्यात काय नवीन आहे?"

साहेब असं म्हणाले तेव्हा माझ्या अंगावर पांढरा कोट होता. मी बी. एस्सी. होते. रसायनशास्त्र घेऊन, अमळनेरच्या कॉलेजातून. जळगावच्या त्या साबणाच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागले होते. प्रयोगशाळेच्या दारावर तशी पाटी होती.

समोर ढोल होता. तुंबलेला.

ढोल म्हणजे काय ते सांगते. कारखान्याच्या मागच्या अंगाला सांडपाण्याचा प्लँट होता. कारखान्याचं पाणी आणि शेजारच्या स्टाफ कॉलनीतल्या संडास-मोऱ्यांचं पाणी तिथं एका मोठ्या हौदात यायचं. तळाशी गाळ बसायचा. तो पंपाने उचलून वाळवायला टाकायचा. पण गाळात काय नसतं? चिंध्या, केसांचे गुंतवळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, आंब्याच्या कोयी, मेलेले उंदीर. हे पंपात गेलं की पंप बंद. म्हणून पंपाच्या आधी जाळी. एक आडवं लोखंडी पिंप, सगळ्या अंगाला भोकं, मोटरीवर गरगर फिरणारं. बारीक गाळ भोकांतून खालच्या खड्ड्यात गळायचा, जाडंभरडं आत राहायचं आणि पुढच्या तोंडातून बाहेर पडायचं. पुण्याहून आणलेलं मशीन होतं. आम्ही सगळे त्याला ढोल म्हणायचो.

ढोलात केस आणि कपडे गुंतले की तो फिरायचा थांबायचा. मग मोटर बंद करून आत हात घालून ते सगळं ओढून काढावं लागे. ते काम सुपडूनानांचं. नाना म्हातारे. किती वर्षं ते हेच करत होते, त्यांनाही आठवत नव्हतं. त्या दिवशी नाना आले नव्हते. आदल्या दिवशी गाळ उडून डोळ्यात गेला होता. डोळा सुजून बंद.

आणि त्याच दिवशी प्रदूषण तपासणारे सरकारी अधिकारी यायचे होते.

ढोलाभोवती आम्ही उभे होतो. मॅनेजर साहेब, नाकाला रुमाल. माझ्यानंतर लागलेला केमिस्ट मंगेश. फिटर युनूसभाई. बॉयलरवरचे दोन मदतनीस. एवढे पुरुष. साहेबांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

मी म्हटलं, "साहेब, मी केमिस्ट आहे."

"मंगेशरावही केमिस्टच आहेत. पण त्यांना कसं सांगणार? त्यांच्या घरी सोवळंओवळं असतं."

हे ते हसून म्हणाले नाहीत. अगदी समजुतीने म्हणाले. जणू मलाही ते पटेल.

प्रयोगशाळेत ॲसिडसाठी रबरी हातमोजे होते. मी ते आणायला वळले.

"ते नको. फाटतील."

मी हात घातला. का घातला? नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. धाकट्या भावाचं शिक्षण माझ्या पगारावर होतं. आणि खरं सांगायचं तर मला 'नाही' म्हणताच येत नव्हतं. तोंडात तो शब्दच नव्हता.

कोपरापर्यंत हात आत गेला. गाळ कोमट होता. ते कोमटपण मला अजून आठवतं. थंड असता तर कदाचित सोसलं असतं. बोटांना केस लागले. बायकांचे लांब केस, त्यांची दोरी वळलेली. त्या दोरीत पिशवी, पिशवीत काहीतरी मऊ. मी ओढलं. चर्रकन सगळं बाहेर आलं आणि माझ्या कोटावर पडलं. मी परत हात घातला. परत ओढलं. मग एक कापड आलं. रक्ताचं. कुणा बाईच्या पाळीचं. ते माझ्या बोटांना चिकटून लोंबत राहिलं. मी झटकलं, तरी सुटेना.

बॉयलरवरचा एक जण हसला. मंगेशने तोंड भिंतीकडे केलं. त्याचे खांदे हलत होते.

"लवकर, लवकर," साहेब रुमालातून म्हणाले.

ढोल फिरायला लागला. अधिकारी आले, लांबूनच ढोल बघितला, खोकले आणि म्हणाले, "चांगलं ठेवलंय." मग ऑफिसात चहा. पाण्याच्या तपासण्या मी केल्या होत्या, आकडे माझे होते. माझ्या जागी मंगेश गेला. साहेबांनी शिपायाला सांगितलेलं मी ऐकलं.

"त्यांना तिकडेच थांबू दे. वास येतो."

प्लँटच्या भिंतीमागे जाऊन मी ओकले. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिले. मग हात धुतले. साबणाचा कारखाना होता तो. साबणाला तोटा नव्हता. धुतले, परत धुतले. नखांच्या कडा लाल झाल्या. नाकाला काही केल्या खरं वाटेना.

माझं गाव भडगावकडचं, गिरणेकाठचं. आबा शेतमजूर, माय शेतमजूर. मुलाखतीला गेले तेव्हा साहेबांनी आडनाव वाचलं. मग विचारलं, "गावात घर कुठल्या बाजूला?"

मी म्हटलं, "नदीकडे."

"म्हणजे खालच्या अंगाला."

एवढंच. पुढे सगळं रसायनशास्त्राचं विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. मला वाटलं, बघा, मार्कांवर नोकरी मिळाली. घराचा प्रश्न त्यांनी सहज विचारला असेल. माणूस किती वेडा असतो. ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांना हवं होतं ते पहिल्यालाच मिळालं होतं. बाकीचे उगाच.

त्या दिवसानंतर ते रोजचं झालं. नाना नसले की मी. मग नाना असले तरी मी. "नानाला दिसत नाही नीट, तुम्ही बघा जरा." 'बघा' म्हणजे हात घाला. दोन केमिस्ट होतो, पण ढोल तुंबला की शिपाई नेमका माझ्याच टेबलाशी यायचा. पुढे टेबलही गेलं. प्रयोगशाळेत मंगेश बसायला लागला आणि मला प्लँटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये खुर्ची दिली. "तुम्हाला सोयीचं पडेल."

कँटीनमध्ये माझा पेला वेगळा झाला. कुणी सांगितलं नाही. एक दिवस पोऱ्याने स्टीलच्या पेल्याऐवजी कानतुटका कप माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी मी बघितलं, तो कप खिडकीत एकटा पालथा घातलेला होता. माझ्या बाकावर कुणी बसेना. "वास येतो हो, राग मानू नका." असं म्हणणाऱ्या टायपिस्टबाई कॉलनीत राहायच्या. त्यांच्या घरचं सगळं मी रोज हातांनी काढत होते. त्यांच्या पोरीचे केस कुठल्या रंगाच्या रिबिनीत असतात ते मला माहीत होतं. हौदात येताना कशालाच आडनाव नव्हतं. उचलायची वेळ आली की आडनाव लागायचं. माझं.

नाना माझ्याशी बोलायचे. ते शिंदखेड्याकडचे. मला पोरी म्हणायचे.

एकदा मी विचारलं, "नाना, तुम्हाला किळस नाही येत?"

"येस ना, पोरी. बठ्ठासले येस." ते विडी शिलगावत म्हणाले. "पन आमले कोनी इचारं नही."

किळस सगळ्यांनाच येते, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी पहिली.

हळूहळू माझं जेवण गेलं. पोळीचा तुकडा मोडायला हात पुढे केला की बोटांतून तो कोमट गाळ जाणवायचा. मी चमच्याने जेवायला लागले. आधी भात. मग भाजीत कुस्करलेली पोळीही चमच्यानेच. उजव्या हाताने केस विंचरत नव्हते. त्या हाताने तोंड पुसत नव्हते. झोपताना तो हात पांघरुणाबाहेर ठेवायचे. माझाच हात, आणि मी त्याला परक्यासारखा लांब ठेवत होते.

माय मला भेटायला आली. भडगावहून एसटीने, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. जळगावात मी एक खोली भाड्याने घेतली होती. तिनं ताट वाढलं. मी चमचा घेतला आणि भाकरी कुस्करायला लागले.

माय बघत राहिली.

"हातले काय व्हयनं?"

"काही नाही."

"मंग चमच्यावरी कसाले खास?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. हातमोजे, ते कापड, तो कप, शेडमधली खुर्ची. मला वाटलं, माय रडेल. ती रडली नाही. तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"तुना आबानी ढोरं ओढानं सोडं, तवय गावनी आमनं पानी बंद करं व्हतं," ती म्हणाली. हे मला माहीत होतं. लहानपणापासून ऐकलं होतं. धम्म घेतला तेव्हा आमच्या वस्तीने मेलेली जनावरं ओढणं सोडलं आणि गावाने विहीर बंद केली. पण माय ते गोष्टीसारखं सांगायची. त्या दिवशी तसं सांगितलं नाही. "आम्ही नदीमा झिरा खंदीसन पानी पिनूत. तुना आबानी मार खादा. पन परत हात नही लावा."

मग म्हणाली, "तू शिकनी ते कसाकरता? दुसरानं पोट साफ कराले?"

"नोकरी जाईल, माय."

"जाऊ दे. मना हात शेतस कमावाले."

तिनं माझा उजवा हात ओढला. मी मागे घेत होते, तिनं सोडला नाही. तळहात नाकाशी नेला. बराच वेळ वास घेत राहिली. बोटं, नखं, मनगट. शेतात मातीचा वास घेते तशी.

"काही वास येत नही," ती म्हणाली. "वास येस असं त्यासनी तुले शिकाडं."

 मग तिनं माझ्या त्याच हातात भाकरीचा तुकडा ठेवला. मी खाल्ला. घास उतरायला वेळ लागला. पण उतरला.

माय गावाला गेली आणि त्यानंतरच्या आठवड्यात ते घडलं.

उन्हाळा होता. जळगावचा उन्हाळा. पत्र्याची शेड तव्यासारखी. मालाला मागणी होती, कारखाना रात्रंदिवस सुरू होता. साहेबांनी सांगून ठेवलं होतं की काही झालं तरी कारखान्याची मशीन बंद करायची नाही. सकाळी ढोल तुंबला. या वेळी नुसता ढोल नाही. आतलं सगळं उसळून खालच्या खड्ड्यात पडलं आणि खड्ड्यातल्या पंपाचं तोंड बंद झालं. हौद भरायला लागला. हौद भरला की पाणी आल्या वाटेने मागे जातं. मागे म्हणजे कॉलनीत. कॉलनीच्या लाइनवर पहिला बंगला साहेबांचा.

साहेब पळत आले. मागे मंगेश, ते दोघे मदतनीस, युनूसभाई. खड्ड्याचं पत्र्याचं झाकण उघडं होतं. कुजक्या अंड्यांचा वास येत होता. आत लोखंडी शिडी, खाली काळं.

"ए सुपड्या, उतर," साहेब म्हणाले.

नानांनी सदरा काढला. कमरेला दोर बांधला. त्यांचा तो डोळा अजून पुरता उघडत नव्हता.

मी म्हटलं, "साहेब, खाली वायू साठलाय. परवाच तुम्हाला सांगितलं होतं. माणूस खाली गेला तर वर येणार नाही."

"माहीत आहे मला," साहेब म्हणाले. "म्हणून तर सांगतोय, पटकन उतर आणि पटकन वर ये."

मी ते ऐकलं.

त्यांना माहीत होतं. मला वाटायचं, ही माणसं अजाण आहेत. त्यांना कळत नसेल आत हात घालताना काय होतं. एकदा कळलं की थांबतील. पण साहेबांना सगळं माहीत होतं. त्यांच्या अंगाला पावडरचा वास येत होता. शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. दाढी गुळगुळीत. एवढा स्वच्छ माणूस. त्याच्याकडे बघून मला ढवळून आलं. ढोलातलं ते रक्ताचं कापड बोटांना चिकटलं तेव्हाही इतकं आलं नव्हतं. कापड कुणा बाईचं होतं, तिची काही चूक नव्हती. हा माणूस मात्र जाणूनबुजून घाण होता.

नानांनी शिडीवर पाय ठेवला होता.

"नाना, उतरू नका."

"पोरी, मी नही उतरनू ते हाऊ दुसराले उतारी."

ते खरं बोलत होते. मी नुसतं 'नाही' म्हणून भागणार नव्हतं. नानांनी 'नाही' म्हणूनही भागणार नव्हतं. मी नानांचा दंड धरला आणि त्यांना मागे ओढलं. पायाने झाकण ढकललं. धाडकन बंद झालं. आणि मी त्या झाकणावर मांडी घालून बसले.

पत्रा भाजत होता. मी हलले नाही.

साहेबांना आधी कळलंच नाही मी काय केलं ते.

"काय चाललंय हे? उठा."

"नाही."

पहिल्यांदा म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"मी ढोलात हात घालणार नाही. नाना खाली उतरणार नाहीत. कुणीच उतरणार नाही."

"उठ म्हणतोय ना!" आता ते 'तू'वर आले. "ए, उचला रे हिला!"

कुणी हललं नाही.

मदतनिसांनी एकमेकांकडे बघितलं. मंगेश एक पाऊल मागे सरकला. मला वाटलं, बाईमाणूस म्हणून कचरत असतील. मग त्यांचे डोळे बघितले आणि कळलं. मला उचलायचं तर मला हात लावावा लागणार होता. इतके महिने ज्यांनी माझा पेला वेगळा ठेवला, माझ्या बाकावर जे बसले नाहीत, त्यांना आता माझे खांदे धरायचे होते. त्यांनीच घातलेलं कुंपण, आणि तेच ओलांडता येईना.

मला हसू आलं. कडवट, तोंडात पित्त यावं तसं.

"साहेब, तुम्ही उचला ना," मी म्हटलं. "हातच धरायचाय. तुम्हाला त्यात काय अवघड आहे?"

साहेबांनी हात पुढे केला. अर्ध्यावर थांबला. त्यांनी स्वतःच्याच तळहाताकडे बघितलं आणि तो खिशात घातला.

"तुझी नोकरी गेली."

"गेली."

नानांनी कमरेचा दोर सोडला. सदरा अंगात घातला, बटणं लावली. मग सावकाश येऊन माझ्या शेजारी झाकणावर बसले.

"मनी बी जाऊ द्या," ते साहेबांना म्हणाले.

बसलो. ऊन चढलं. हौद काठोकाठ भरला. साहेब शेडमध्ये येरझाऱ्या घालत होते. मग बंगल्यावरचा गडी धावत आला.

"साहेब, बाईसाहेब म्हणतात मोरीतून वर येतंय. देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आलंय."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. खड्ड्यात माणूस मरेल असं सांगितलं तेव्हा पडला नव्हता.

तेव्हा युनूसभाई बोलले. सकाळपासून पहिल्यांदा.

"साहेब, चेन पुलीने पंप वर घेऊ. ढोल पण उचलू. कुणाला उतरायची गरज नाही. पण मशीन बंद करावी लागेल."

"किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत."

मी वर बघितलं. खड्ड्याच्या बरोबर वर लोखंडी तुळई. तुळईला पुली. पुलीची साखळी गोणपाटात गुंडाळून बांधलेली. गोणपाटावर धूळ. ज्याने ढोल बनवला त्याने ढोलासोबत ती पुलीही पाठवली होती. हात न घालता ढोल उचलता यावा, पंप वर घेता यावा म्हणूनच. इतके महिने ती माझ्या डोक्यावर होती. मी तिच्याखाली कोपरापर्यंत घाणीत हात घालून उभी राहायचे.

फक्त कारखाना थोडा वेळ थांबवावा लागला असता. तो थांबवायचा नव्हता. म्हणून माझा हात. म्हणून नानांचा डोळा.

साहेबांनी हातानेच खूण केली. भोंगा झाला. मशीन थांबली. युनूसभाईंनी गोणपाट सोडलं. मी आणि नाना झाकणावरून उठलो. उठून लांब गेलो नाही. तिथेच उभे राहिलो, कुणी शिडीवर पाय ठेवतो का ते बघत. पंप वर आला, चिंध्यांनी लडबडलेला, काळा. ढोल वर आला. लांबून पाण्याचा फवारा मारून दोन्ही धुतले. कुणाचा हात आत गेला नाही. अंधार पडायच्या आत सगळं सुरू झालं.

मी युनूसभाईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी मान खाली घातली. "मालूम था. एक बार बोला भी था. फिर नहीं बोला."

दुसऱ्या दिवशी मला आणि नानांना गेटवरूनच परत पाठवलं. आम्ही कामगार खात्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, कारखाना म्हणतो तुम्ही स्वतःहून नोकरी सोडली. मी म्हटलं, खोटं आहे. तो म्हणाला, असेल. तिथं एवढंच झालं.

मी धुळ्याला आले. एका खाजगी शिकवणीत मुलांना विज्ञान शिकवायला लागले. माय खूश होती. मीही होते. हाताने जेवत होते. सुटले असं वाटत होतं.

पावसाळा संपता संपता युनूसभाई मला शोधत धुळ्याला आले. उभ्या उभ्याच सांगितलं. आमच्या जागी साहेबांनी बाहेरून माणसं आणली होती. शिंदखेड्याकडची, आदिवासी, रोजावर. पुलीला परत गोणपाट बांधलं. आणि पंप तुंबला तेव्हा त्यातल्या दोघांना दोर बांधून खाली सोडलं. एक जण वर आलाच नाही. दुसऱ्याला बेशुद्ध वर काढलं. तो जगला. पण आता त्याला माणसं ओळखू येत नाहीत.

"मैं छुट्टी पे था," युनूसभाई म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

मी नानांना बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं त्या माणसाच्या घरी गेलो. नानांना ती वस्ती माहीत होती. तो माणूस बाजेवर बसला होता. माझ्यापेक्षा लहान असेल. माश्या तोंडावर बसत होत्या, हाकलत नव्हता. त्याच्या बायकोने आम्हाला पाणी दिलं. नाना तिला सांगत होते, ही पोरगी तिथं कामाला होती, हिने उतरायला नकार दिला होता, झाकणावर बसली होती.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "ह्यासले उतारं तवय तू कोठे व्हतीस?"

मी म्हटलं, "मी नव्हते."

तिनं मान हलवली. रागावली नाही. तान्ह्या पोराला दुसऱ्या कुशीवर घेतलं आणि चुलीकडे वळली.

आम्ही एसटीने परतलो. धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर नाना म्हणाले, "आते काय करशी, पोरी?"

तेव्हा मी त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते.

माझ्यापुरतं 'नाही' म्हणून मी बाहेर आले आणि माझ्या जागी त्यांनी दुसऱ्याला खाली सोडलं. असं परत होऊ देणार नाही. जळगावात, धुळ्यात, अमळनेरात, जिथं खड्ड्यात माणूस उतरवतात असं कळेल तिथं मी जाणार. नाना येणार. युनूसभाईंना पुली कुठे बांधून ठेवली आहे ते सगळ्यांसमोर सांगावं लागणार, सुट्टी असो वा नसो. आम्हाला कुणी बोलवायची वाट बघणार नाही. हाकललं तर परत येणार.

मशीन थांबू द्या. माल पडून राहू द्या. मोरीतून घाण वर येऊन तुमच्या घराघरांत शिरली तरी शिरू द्या. तुमची आहे, तुम्ही बघा.

माणूस खाली जाणार नाही. हे मी विनवून सांगत नाही.